अकोल्याच्या उन्हातला बर्फ

१९ एप्रिल २००६, अकोला
प्राचार्यांनी बोलावलं. प्रयोगशाळेमागची माझी खोली संगणकांसाठी हवी. "मॅडम, जिल्ह्यात शेतकरी जीव देऊन राहिले, अन् तुमी पाणी दाबून राहिल्या." डोकंच फिरलं. म्हटलं, सर, वऱ्हाडच्या माणसानं पेपरात फक्त मरण्यासाठीच यायचं का? शेवटी म्हणे, पाच मेपर्यंत त्या पाण्याचा बर्फ करून दाखवा, खोली तुमची.

२३ एप्रिल
रशीदचाचांच्या लेथवरून शिकंजा आणला. मुठीत मावतो. त्यांना समजावलं: दोन हिऱ्यांची सपाट टोकं समोरासमोर, मध्ये भोक पाडलेला पत्रा, भोकात पाण्याचा थेंब. स्क्रू आवळत गेलं की पाणी नुसत्या दाबानं गोठतं. "बिना फ्रिजचा बर्फ? अकोल्यात?" असे हसले! हिरे माझ्याच कुड्यांतले, टोकं सुरतेहून घासून आणलेली. आई अजून फुगलेली. "कुड्या कानात घालतात का शिकंज्यात?"

२८ एप्रिल
दोनदा पाणी निसटलं. भोक एका बाजूला फाकतं. चाचांनी माझं आवळणं पाहिलं नि कपाळाला हात लावला. "एकच स्क्रू पुरा कसून राहिल्या तुमी. ट्रकच्या चाकाचे नट कसतात तसं करा. आमनेसामने, जरा जरा." आणि मी फिजिक्स शिकवते! पत्रे उरले दोन.

४ मे
लाइट नाही. पारा ४४. सूक्ष्मदर्शकाचा आरसा खिडकीतल्या उन्हाकडे वळवला. चाचांच्या पद्धतीनं आवळलं. पाणी... पाणीच... मग एकदम सगळं दाणेदार. किंचित सैल केलं, दाणे विरले, एकच उरला. पुन्हा आवळलं तर तो वाढला. कोनदार, स्वच्छ. आणि तरंगत नाही, बुडतो! डोळ्यांत घाम, नि मी एकटीच ओरडतेय, जमलं, जमलं.

५ मे, शुक्रवार
प्राचार्यांनी अर्धं मिनिट पाहिलं. "मिठाच्या खड्यासारखं दिसते." समजावल्यावर बर्फ आहे हे मान्य. पण संगणक येऊन पडलेत, खोली लागेलच. दिलेल्या शब्दाचं काय? "संस्थेचा निर्णय आहे." म्हटलं, मी सोडत नाही, काढायचं तर लेखी द्या. आवाज चढला माझा. चढू दे.

दुपारी नमाज आटोपून चाचा आले. कितीतरी वेळ डोळा लावून बसले.
"हात लावला तर गार लागंन का, बाई?"
नाही चाचा. हा गरम बर्फ आहे.
"मंग आपल्या इकडचाच हाये."

उद्या दाराला दुसरं कुलूप असेल बहुतेक. असू दे. टेबल व्हरांड्यात मांडीन. ऊन तिथेही आहे.