डाय शाबूत आहे

तीर्थरूप मामांना भाच्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून अर्धाच).

डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे कळलं, जीव भांड्यात पडला. पट्टी निघेपर्यंत पत्र मामीच वाचून दाखवणार, म्हणून तिला कळेल असं लिहितो. बेंडिंग मशीनमध्ये वरून पंच उतरतो, पत्र्याला खालच्या डायच्या खाचेत दाबतो आणि पत्रा वाकतो. या पंच-डायांची निगा तुम्ही तीस वर्षं राखलीत आणि गेल्या महिन्यात निवृत्त होताना ती माझ्या गळ्यात घातलीत.

तर शनिवारी पुसता पुसता लांब डाय माझ्या हातून सटकली. (पाय वाचला, कंबर नाही.) आजूबाजूला कोणी नव्हतं, मी गुपचूप ती जागेवर ठेवली. सोमवारी दवाखान्याच्या कपाटांची दारं वाकवायला घेतली, तर प्रत्येक दार एका टोकाला काटकोनात आणि दुसऱ्या टोकाला भलतंच! एकही कपाटाला बसेना. मालक म्हणाले, डाय ज्याने बिघडवली त्याने घरी बसावं. त्या रात्री मी भरलेलं ताट तसंच सारलं. घरी बायकोला सांगितलं, मला पित्त झालंय, तर तिने दोन दिवस बिनतिखटाचं जेवू घातलं.

शेवटी बुधवारी मशीन चालवणाऱ्या बाईंजवळ मी सगळं कबूल केलं. त्यांनी डाय उलटी केली, बुडाशी बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "भाऊ, हे काय चिकटवलंय?"

नंबराचं लेबल! टापटीप हवी म्हणून शनिवारीच मी सगळ्या डायांना नंबर दिले होते, आणि दर्शनी भागावर बरं दिसत नाही म्हणून बुडाला, एका टोकाशी चिकटवले होते. तेवढ्याशा जाडीने डाय एका बाजूला उचलली जात होती. लेबल खरवडलं, बूड पुसलं, दार वाकवलं, गुण्या लावला. अगदी काटकोन! डायला साधा ओरखडासुद्धा नाही. मामा, खोटं कशाला सांगू, मी तिथेच बसून डोळे पुसले, तेही मशीनच्या फडक्याने. "आता तोंडही धुवा," बाई म्हणाल्या.

सगळी दारं बसली. तुम्ही निवांत पडून राहा.

आपला,
भाचा

ता. क. मामी, इथून पुढचं मनातच वाच. लेबलं कोणी लावली असं मालकांनी विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून मामांचं नाव निघून गेलं. मालक पुढच्या आठवड्यात मामांना फोन करणार आहेत. फोन तूच घे.

आणखी एक. "पुढे काय लिहिलंय?" असं मामा विचारतीलच. तुझ्या तब्येतीची चौकशी केलीय म्हणून सांग. (केलेली नाही, हे आत्ता लक्षात आलं. कशी आहेस?)