धाकटीचा गुडघा

४ मार्च
धाकटी आज जिना चढली. कठड्याला हात न लावता! वरच्या पायरीवर थांबून म्हणते, "ताई, सावकाश या हं." मी खाली, घामाघूम. धाकट्या जावेने थोरलीला असं म्हणायचं? जीभ चावली, नाहीतर चार घरांत ऐकू गेलं असतं.
एकच दवाखाना, एकच डॉक्टरीणबाई, एकाच आठवड्यात दोघींचे गुडघे बदलले. आठ महिने झाले. तिचा लोण्यासारखा वळतो. माझा मेला तव्यासारखा तापतो.

७ मार्च
सून म्हणाली, "आई, काकू व्यायाम करतात. तुम्ही टाळता." टाळते म्हणे! पाय वर, पाय खाली, रोज शंभर वेळा. तिसरीपर्यंतच शिकले, पण शंभर मोजता येतात मला.
घरात कुणीही आलं की आधी काकूंना चालून दाखवायला लावतात. लग्नाला मुलगी दाखवावी तशी! मग सगळे माझ्याकडे बघतात. च्‌ च्‌ करतात.

९ मार्च
सापडलं! संध्याकाळी सुईदोरा मागायला तिच्या खोलीत गेले, तर बाई पाठ फिरवून गोळी गिळत होत्या. मला बघून पाकीट उशीखाली.
"काय गं ते?"
"काही नाही ताई. ताकदीची आहे."
अस्सं! हिचा भाऊ औषधांच्या गोदामात कामाला. तो गुपचूप भारी गोळ्या आणून देतो आणि ही त्यांच्यावर तोरा मिरवते. जावेला एक गोळी द्यायला हात आखडला!

१० मार्च
ती अंघोळीला गेली. उशीच्या अभ्र्यात पाकिटं होती, सहा-सात. एक उचललं. ही चोरी नाही. माझी चांगली शाल नेली ती बारा वर्षं परत दिली नाही, ते काय होतं मग?

१६ मार्च
गुडघा थंड! रात्री झोप लागली. आता बघते जिना आधी कोण चढतं ते.

२१ मार्च
डॉक्टरीणबाईंकडे नंबर होता. सोबत धाकटी. रक्ताच्या तपासणीत अंगात सूज असल्याचं दिसतंय म्हणे. मग गुडघ्यात सुई घालून पाणी ओढलं. सुई कसली, दाभणच! ओरडले नाही. धाकटी बघत होती ना.
पाणी गढूळ निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, नव्या सांध्यात जंतू शिरले असतील तर ह्यातून कळेल. चौदा दिवस ठेवून बघू. काही जंतू आळशी असतात, उशिरा उगवतात." मग विचारलं, "गेल्या दोन आठवड्यांत जंतूंवरची गोळी घेतली का कुठली?"
म्हटलं, नाही. मी घेतली ती ताकदीची. शिवाय धाकटी शेजारी बसलेली. तिच्यासमोर काय सांगू, तुझ्याच उशीतून काढली म्हणून?
धाकटी खिडकीबाहेर बघत होती. बाहेर नुसती भिंत.

४ एप्रिल
रिपोर्ट आला. पाण्यात पांढऱ्या पेशी भरमसाट, पण जंतू एकही उगवला नाही. डॉक्टरीणबाई कागद उलटा-सुलटा करत होत्या. "हे जुळत नाही, आजी. आग दिसतेय आणि लावणारा सापडत नाही. तो कोण हे कळल्याशिवाय औषध कुठलं देऊ?"
धाकटी म्हणाली, "चला, काही निघालं नाही ना!" घरी सून म्हणाली, "म्हणजे व्यायामच."
पाकीट संपलंय. गुडघा पुन्हा तापला.

५ एप्रिल
रिकामं पाकीट घेऊन कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेले. म्हटलं, ही ताकदीची दे दोन पाकिटं. तो हसायलाच लागला.
"आजी, ही कसली ताकदीची? जंतू मारायची गोळी आहे. चिठ्ठीशिवाय देत नाही. तुम्हाला कुणी दिली?"
"मिळाली कुठूनतरी. खाल्ली तर काय होतं?"
"अशी मनाने खाल्ली तर जंतू पुरते मरत नाहीत, दबून बसतात. मग तपासणीला पाठवलं तरी सापडत नाहीत."
दुकानाच्या बाकावर बसले. मीच जंतूंना लपवलं. दाभण खाल्लं ते फुकट! आणि डॉक्टरीणबाईंना तोंडावर नाही म्हणाले.
उठताना डोक्यात आलं, ही बया जंतूंची गोळी कशाला खातेय?

६ एप्रिल
इथे खोटं लिहून काय मिळणार? आधी आनंदच झाला. तिचाही सडलाय! आठ महिने जळले ते उगाच.
दुपारी ती झोपली होती. चादरीवरून गुडघ्यावर हात ठेवला. माझ्यापेक्षा गरम. झोपेतसुद्धा कण्हली.
डोळे उघडले. म्हणाली, "ताई, कुणाला सांगू नका. पुन्हा कापतील. सगळे म्हणतात, काकूंचं बघा कसं झकास झालं."
"मांडीपासून पाय काढला की आणखी झकास दिसेल."
भिंतीकडे तोंड करून झोपली. आनंद टिकला नाही. दोन पायऱ्यासुद्धा नाही.

८ एप्रिल
सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईंसमोर, सुनेसमोर, धाकटीसमोर. मी चोरून खाल्ली, ही लपवून खाते. रिकामं पाकीट टेबलावर ठेवलं.
डॉक्टरीणबाई इतक्या चिडल्या की आवाजच खाली गेला. "दोघींच्या गोळ्या आजपासून बंद. ताप आला, गुडघ्यातून पाणी आलं, तर त्याच दिवशी यायचं. नाहीतर दोन आठवड्यांनी दोघींनाही सुई." धाकटीला म्हणाल्या, "आणखी काही महिने असंच दडपलं असतंत, तर सांधाच काय, पायही वाचवता आला नसता."
परत येताना गाडीत धाकटी पुढे बसली. मी मागे. जन्मात असं झालं नव्हतं. ती नेहमी मला खेटून बसते.

१३ एप्रिल
बोलत नाही. दोघी लंगडतोय. जिना रिकामा.

१८ एप्रिल
तिच्या दाराशी गेले. म्हटलं, शाल ठेव तुला. आतून कडी घातली.

२३ एप्रिल
सुई. आधी तिला, मग मला. ती ओरडली. मी पण ओरडून घेतलं.

२९ एप्रिल
उगवले! दोघींच्याही. एकाच जातीचे नाहीत, पण नाव-गाव कळलं. आता कुठलं औषध लागेल ते डॉक्टरीणबाईंना ठाऊक. गुडघा उघडायचा, बदललेला सांधा काढायचा, धुऊन काढायचं, औषधाचा तात्पुरता ठोकळा बसवायचा. जंतू गेले की काही महिन्यांनी पुन्हा नवा.
माझे पाचव्या दिवशी उगवले. तिचे दुसऱ्याच दिवशी. इथेही पहिली तीच!
म्हणून ऑपरेशनही तिचं आधी.

६ मे
सकाळी तिला न्यायला ढकलगाडी आली. नर्स म्हणाली, अंगावरचं, तोंडातलं सगळं काढून घरच्या माणसाकडे द्या. तिची लेक होती, माझी सून होती. सगळ्यांना बाहेर पाठवलं. मला म्हणाली, "ताई, तुम्ही थांबा."
चार आठवड्यांनी पहिला शब्द.
रुमालात बांधून माझ्या हातात दिले. वरचे दात. सगळेच्या सगळे. "पोरांना माहीत नाही," बोळक्या तोंडाने म्हणाली. "तुमच्याकडेच राहू दे."
दुपार झाली. ती अजून आत आहे. मूठ उघडली नाही मी.