बारांतले माझे सहा

दि. ३ फेब्रुवारी

दादांना नमस्कार,

वहिनी हे तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवणार, म्हणून यात शिव्या घातलेल्या नाहीत. फोन केला की मी एकटाच बडबडतो, तुम्ही पलीकडे नुसता श्वास घेता, आणि मग मलाही काही सुचत नाही. त्यापेक्षा लिहिलेलं बरं. अक्षर कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे. चौथीनंतर ते सुधारायला होतं कोण?

मी ठीक आहे. जेवतो वेळेवर. खोली बदलली. या खोलीला खिडकी आहे. उघडली की समोर दुसऱ्या इमारतीची भिंत, पण खिडकी ती खिडकी. शेजारच्या पलंगावरचा झोपेत भांडतो आणि गंमत म्हणजे रोज जिंकतो.

कामही बदललं. रागावू नका. तुम्हाला घरी पाठवल्यावर मुकादमाने माझ्या जोडीला एक कारागीर दिला. टाइलखाली मसाला असा लावायचा की जसं काही उपकारच करतोय. कोपरे सगळे पोकळ. मी बोललो, तो बोलला, आणि शेवटी बाहेर कोण पडलं? मीच. मग थोडे दिवस गाड्या धुतल्या. आता गोदामात आहे. खोकं उचलायचं, त्यावर मशीन धरायचं, टिक वाजलं की पुढचं खोकं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "भिंगरी, एका जागी बूड टेकव जरा." टेकवतो. यंदा नक्की टेकवतो.

बोलायला शिकवणाऱ्या बाई घरी येतात असं वहिनींनी सांगितलं. तुम्ही "पाणी" म्हणालात म्हणे. झकास. तुमचे ते सहा शब्दही येतील. अर्धांगाचा झटका आला त्या दिवशी दवाखान्यात तुमचे कपडे कापून फेकून दिले, त्यांच्याबरोबर खिशातला फोनही गेला, त्याचं मनाला लावून घेऊ नका. आपल्या पैशांचं वॉलेट फोनमध्ये नसतंच, ते शब्दांत असतं, हे तुम्हीच मला शिकवलंत. आधी तुमचे सहा, मग माझे सहा, ओळीने घातले की कुठल्याही फोनवर आपलं सगळं जसंच्या तसं उघडणार.

माझे पाठ आहेत. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. म्हणजे सांगणार नाही, शपथ आहे ना.

तुम्ही फक्त बरे व्हा. जुनी व्हॅन घ्यायची, मागे आपला टाइल कापायचा कटर, पुढे आपण दोघं, आणि मुकादमाच्या तोंडावर धूर सोडत निघायचं. ठरलंय ते ठरलंय.

तुमचा
भिंगरी


दि. १९ एप्रिल

वहिनींना नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. धाकटी परीक्षेला बसली हे वाचून बरं वाटलं. तिला सांगा, काका म्हणाला चौथीच्या पुढे जे काही शिकशील ते सगळं काकापेक्षा जास्त. मला मध्ये सर्दी झाली होती, गेली. गोदामात आता रात्रपाळी बंद झाली. तेवढंच बरं.

हे पत्र दादांसमोर वाचू नका. आधी तुम्ही एकटीने वाचा.

तुम्ही लिहिलंत की दादांच्या तोंडून त्या सहांतले चार शब्द निघाले. सकाळी दार लावायला लावतात, खिडकी लावायला लावतात, धाकटीला बाहेर पाठवतात, आणि मग तुमच्या कानाशी एक शब्द म्हणतात. घाम फुटतो त्यांना. म्हणून झाला की डाव्या हाताने स्वतःचंच तोंड दाबून रडतात. लिहून ठेवू देत नाहीत, म्हणून तुम्ही पाठ करताय. तुम्ही विचारलंत, "भाऊजी, असं काय आहे त्या शब्दांत? देवाचं नाव घ्यावं तसे घेतात, आणि चोरी केल्यासारखे रडतात."

सांगतो.

आम्हाला इथे बँकेत खातं उघडता आलं नाही. आमचे कागद मुकादमाने ठेवून घेतलेले. खोलीत ट्रंका फुटायच्या. म्हणून दादांनी मोबाईलवर ते क्रिप्टोचं, म्हणजे इंटरनेटवरच्या पैशांचं, वॉलेट उघडलं. दोघांचं मिळून एकच. आम्ही कमावलेलं सगळं त्यात जायचं. ते उघडतानाच बारा इंग्रजी शब्द येतात. तीच किल्ली. फोन हरवला तरी शब्द ओळीने माहीत असले की झालं. पण शब्द गेले तर दाद मागायला कोणी नाही. ऑफिस नाही, साहेब नाही, हातापाया पडायला कोणाचे पायच नाहीत.

तेव्हा शेजारच्या खोलीत एक पेंटर होता. त्याला फोन आला, आम्ही कंपनीतून बोलतोय, तुमच्या वॉलेटमध्ये गडबड आहे, शब्द सांगा. त्याने सांगितले. संध्याकाळपर्यंत वॉलेट धुऊन निघालं. तो माणूस रंगाच्या डब्यावर बसून नुसता भिंतीकडे बघत होता. ते पाहून दादांनी नियम केला. कागदावर लिहायचे नाहीत, फोटो काढायचा नाही, आणि बाराच्या बारा एकाला माहीत असता कामा नयेत. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, त्यांनी पहिले सहा पाहिले. मग ते भिंतीकडे, मी शेवटचे सहा पाहिले. मी एकेक अक्षर जोडून वाचले. अर्थ एकाचाच कळला.

दादा म्हणाले, "शब्द विचारेल तो चोर. कंपनीचा असो, पोलीस असो, नाहीतर तू अस."

मी म्हटलं, "आणि तुम्ही विचारलेत तर?"

"तर मीसुद्धा. घाल लाथ."

म्हणून रडतात ते. तुम्हाला सांगितले म्हणजे त्यांच्या लेखी शपथ मोडली. माझ्यासाठी मोडली, वहिनी. माझे सहा माझ्याजवळ आहेत या भरवशावर.

आता पुढचं. तुम्ही लिहिलंत, "आता दोनच राहिले. म्हणून घराच्या मागच्या दोन खोल्या विकत घ्यायला जो माणूस आला होता, त्याला मी नाही म्हणून सांगितलं." हे वाचलं त्या दिवशी गोदामात हातातलं खोकं खाली पडलं. काच होती आत. ते असू दे.

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तुमचा आवाज ऐकला असता तर मी पुन्हा खोटं बोललो असतो.

माझे शब्द माझ्याजवळ नाहीत.

कसे गेले ते सांगतो, तुम्हाला पटेल असं नाही. नुसते बसून मला पाठ होईनात, तेव्हा दादांनीच युक्ती काढली होती. आम्ही टाइल सहाच्या रांगेने बसवायचो. एक रांग त्यांची, एक माझी. टाइल ठेवायची, रबरी हातोडा मारायचा, आणि एका टाइलला एक शब्द मनात म्हणायचा. रांग संपली की शब्द संपले. दिवसभर तेच. कितीतरी घरांच्या फरशांखाली आमचे शब्द आहेत बघा. मुकादमाला वाटायचं, पोरं काय मन लावून काम करतात!

पण ते शब्द माझ्या डोक्यात कधी गेलेच नाहीत, वहिनी. हातात राहिले. दादा घरी गेले आणि मी टाइल सोडली. गाड्या धुताना एकदा म्हणून पाहिले, सगळे आले. मग म्हणायचं बंद केलं. दादांच्या रांगेशिवाय माझी रांग एकट्याने म्हणवत नव्हती. गोदामात ते टिक टिक. एक दिवस म्हणायला गेलो तर दुसरा शब्द येईना.

फेब्रुवारीत दादांना पत्र लिहिलं तेव्हा मला माहीत होतं. वाटलं, येतील. जातात कुठे?

एका सुट्टीला जुन्या साइटवर गेलो. ओळखीच्या मिस्त्रीकडून हातोडा मागून घेतला, गुडघे टेकून एक रांग बसवली. पोरं हसायला लागली, "काय रे, फरशीला कान लावून काय ऐकतोस?" पहिल्या टाइलला शब्द आला. दुसऱ्या टाइलवर हात थांबला. तिसरी, चौथी, पाचवी, नुसता ठक ठक आवाज. सहावीला पुन्हा आला. तीच रांग उखडून परत बसवली. परत तेच. मिस्त्री म्हणाला, "बाबा, तुला काम हवं असेल तर सरळ माग ना."

मोबाईल दुरुस्तीवाल्यालाही विचारलं. शब्द सांगितले नाहीत, नुसतं विचारलं. तो म्हणाला, एखादा विसरला असतास तर कॉम्प्युटरला लावून शोधला असता. चार म्हणजे विसर. चार शोधायला लागणारा कॉम्प्युटर ज्याच्याकडे असेल त्याला तुझ्या वॉलेटची गरज काय? चांगला माणूस आहे, चहा पाजला.

दादांचे सहाही आले तरी काही उघडणार नाही. पैसे तिथेच आहेत, म्हणजे कोणी नेलेले नाहीत. कोणी नेऊही शकणार नाही. एवढी राखण आम्ही केली.

तेव्हा उद्याच त्या माणसाकडे जा. खोल्या द्यायला तयार आहोत म्हणा. थोडं कमी म्हणाला तरी ताणू नका. पडतं घ्यायला लागलं तर माझं नाव घेऊन शिव्या घाला आणि घ्या. पण जा. वॉलेटची वाट बघत थांबू नका.

आणि दादा. त्या बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणतात ना, या शब्दांच्या ध्यासानेच त्यांची जीभ हलतेय, ध्यास सुटला तर पुन्हा गप्प होतील. हे मी तुमच्या पत्रात चारचारदा वाचलं. म्हणूनच आठ दिवस लिहायचं टाळलं. एकदा मनात आलं, त्यांना सांगूच नये. म्हणू दे सहाच्या सहा. पण सहावा आला की ते माझ्या फोनची वाट बघत बसतील. मी आता उघडेन, मग उघडेन. दार बंद करून, तोंडावर हात ठेवून. त्यापेक्षा तुम्हीच ठरवा. मला ठरवता येत नाही, आणि माझ्या ठरवण्यावर तुम्ही आता भरवसा ठेवावा असंही मी म्हणू शकत नाही.

सांगितलंत तर एवढंच सांगा की त्यांनी काही मोडलं नाही.

माझ्याजवळचे दोन इथे लिहून देतो. पहिला लॅडर. म्हणजे शिडी, एवढाच अर्थ मला कळला होता. शेवटचा वॉलनट. मधले कोरे. पहिल्यांदाच कागदावर लिहितोय. कोणीही वाचू दे आता.

उत्तराची वाट बघत नाही.

तुमचा धाकटा दीर