उशाशी वही

३ जून, सकाळी सहा
आजपासून स्वप्नं लिहायची. ही जाऊन चौदा महिने झाले. सुनेच्या स्वप्नात येते, गॅस बंद केलास का विचारते. आणि काल रंध्या म्हणाला, "वहिनी आल्या होत्या रे. मजेत दिसल्या." रंध्या म्हणजे सुतारकामातला माझा चाळीस वर्षांचा भागीदार. त्याच्याकडे जाते! माझ्याकडे एकदाही नाही. चाळीस वर्षं संसार मी केला.
दवाखान्यात ती काहीतरी सांगत होती. मी म्हटलं, थांब, चहा घेऊन आलोच. आलो तर सगळं संपलेलं. काय सांगायचं होतं, एवढंच विचारायचंय.
सून म्हणते, "बाबा, स्वप्नं सगळ्यांना पडतात. तुमच्या लक्षात राहत नाहीत." तिने मोबाइलवर व्हिडिओ लावून दिला.

४ जून
व्हिडिओतले नियम. जाग आली की हलायचं नाही, डोळे मिटूनच लिहायचं. दिवसा अधूनमधून बोटं मोजायची. कमीजास्त भरली तर आपण स्वप्नात आहोत. मग हवं ते करता येतं, हव्या त्या माणसाला बोलावता येतं.
माझी नऊच. एक करवतीने नेलं. व्हिडिओवाल्याने सुतारांचा विचारच केलेला नाही. माझ्यापुरतं ठरवलं: नऊ म्हणजे जागा, दहा म्हणजे स्वप्न. आठवड्यात जमेल.

५ जून
कोरं. सुनेने पहाटे भांडं पाडलं. मुद्दाम नसेल. पण आजच कसं पडलं?

७ जून
वहीत रेघोट्या! म्हणजे मी लिहिलं. काय लिहिलं ते लागत नाही. आठवतही नाही. दोष पेन्सिलीचा. टोक काढलं.

९ जून, दुपार
रंध्याच्या कारखान्यात बोटं मोजली. दहा! स्वप्नच हे, मग भ्यायचं कशाला? सांगून टाकलं त्याला, तुझे ड्रॉवर जन्मभर अडकत आले, आणि माझ्या बायकोला स्वप्नात बोलवणारा तू कोण? कारागीर तोंडं फिरवून हसत होते. रंध्या म्हणाला, "अरे शहाण्या, तुझं बोट मीच फडक्यात बांधून दवाखान्यात नेलं होतं. आता दहावं कुठून उगवलं?"
हातातली पेन्सिल मोजली गेली.

१० जून
रंध्या घरी आला. त्याला कसलंच स्वप्न पडलं नव्हतं म्हणे. मला बरं वाटावं म्हणून बोलला. मी सुनेकडे पाहिलं. ती ओटा पुसत बसली. ओटा स्वच्छच होता.
दोघंही! घरात आणि धंद्यात, दोन्हीकडून फसवलं. आता कुणावर विश्वास नाही. फक्त वहीवर.

१२ जून
रेघोट्यांची पाच पानं झाली. वही घेऊन औषधांच्या दुकानात गेलो. दुकानदार डॉक्टरांचं अक्षर वाचतो, माझं का नाही वाचणार? काउंटरवर चार गिऱ्हाईकं उभी. त्याने चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं: "ती आली. म्हणाली, अहो, ऐका ना. मी म्हटलं, थांब, आधी लिहून घेतो."
पुढे काय, मी विचारलं.
"पुढे नुसती रेघ आहे, काका. पाचही पानांवर असंच."

१३ जून
वही माळ्यावर टाकली. टोक काढलेली पेन्सिलही.
जरा थांबली असती तर काय बिघडलं असतं तिचं?