झाकलेला आवाज

सोमवार, ३ जून
आधी कालच्या पानातली चूक दुरुस्त करते. 'नोकरी मी मिळवली' असं लिहिलंय, ते खरं नाही. ताईनं शब्द टाकला म्हणून मिळाली. पण आजचा पहिला दिवस मात्र माझा होता! गोल फिरणारी खुर्ची, खिडकीजवळची जागा, चहा फुकट. लोक आमच्या साइटवर काहीबाही लिहितात, त्यावर कुणीतरी तक्रार करतं आणि आम्ही ठरवायचं: ठेवा, काढा किंवा झाका. झाकलेलं लिहिणाऱ्याला दिसतं, झाकणाऱ्याला दिसतं, बाकी कुणालाच नाही. लिहिणाऱ्याला पत्ताही लागत नाही. माझ्या वरच्या बाई म्हणाल्या, काढलं की लोक भांडायला येतात, झाकलं की आपोआप थंड होतात.

बुधवार, ५ जून
आम्हा दोघींना आईनंच घरी शिकवलं. ताई बोलायची, आई कौतुकानं ऐकायची, मी पाटी पुसायची. अजून तेच चाललंय. ताईनं नळाच्या गढूळ पाण्यावर लिहिलंय आणि सगळं गाव वाचतंय. जेवताना आईनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मला एवढंच विचारलं, की डबा परत आणलास ना.

शुक्रवार, ७ जून
ताईच्या त्याच लिखाणावरची तक्रार माझ्याकडे आली. म्हणे घबराट पसरवते. नियम दोनदा वाचले. ठेवायलाच हवं होतं. घरच्या माणसाचं असेल तर बाईंना सांगायचं, हाही नियम आहे. मी ताईचं अख्खं खातंच झाकलं. मग फुकटचा चहा आणायला उठले.

मंगळवार, ११ जून
ताई कुरकुरतेय, की हल्ली कुणी उत्तरच देत नाही. मला बरं वाटलं. पण रात्री जेवताना तिनं आईकडे मीठ मागितलं. आई जेवत राहिली. तिनं पुन्हा मागितलं. शेवटी मी दिलं. आई मला म्हणाली, तिनं मागितलं तरी होतं का?

गुरुवार, १३ जून
दुकानदारालाही तिचं ऐकू जात नाही. आणि चिमी, ताईची दीड वर्षाची पोर— ताई मागून हाका मारत होती आणि चिमी समोरच्या दाराकडे बघत आईसाठी रडत होती. ऑफिसात शोधलं. 'उघडा' असं बटण आहे. झाकणाऱ्यानंच दाबायचं, कारण लिहून. काय कारण लिहू?

शनिवार, १५ जून
आई म्हणते, ताई हल्ली मूग गिळून बसते, घरात बोलणारी तूच राहिलीस. आई माझं ऐकते. हसतेसुद्धा. काल बटणावर बोट ठेवलं होतं— मग घरी आले. आज सुट्टी. उद्याही.

रविवार, १६ जून
ताईनं माझा दंड धरला. म्हणाली, तुला तरी ऐकू येतंय ना गं? एकदा हो म्हण, बाळा.
मी भिंतीकडे बघत राहिले. जणू—
चिमी माझ्या मांडीवर आहे. मला 'आई' म्हणाली. मी नाही म्हटलं नाही. ताई दारात उभी राहून ओरडतेय. घर कसं शांत आहे. फक्त माझ्याच कानात—
उद्या. सोमवार, १७ जून. गेल्या गेल्या, पहिलं काम म्हणजे मी ते बटण—