हातमोजे घातले : होय

प्रिय ताई,

नऊ फेब्रुवारी, गुरुवार, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. त्या वेळी मी तांब्याची एक चकती चिमट्याने डबीतून बाहेर काढत होतो. वेळ नक्की आहे, कारण रजिस्टरात ती मीच लिहिली आहे. ते रजिस्टर आता साहेबांच्या टेबलावर आहे आणि त्यावरून वस्तादांची नोकरी जाते आहे.

माझं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही. भाऊजी म्हणतात, हा पगार घेऊन भांडी घासतो. तसं ते खोटं नाही. चकती आरशासारखी घासायची आणि उघडं बोट लागू न देता, इलेक्ट्रॉनना वेग देणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी, हवा काढलेल्या नळीत बसवायची. तिच्यावर लेझरचा ठिपका पडला की तेवढ्याच जागेतून इलेक्ट्रॉन सुटतात, सगळे एका झुपक्यात. जसा ठिपका तसा झुपका. म्हणून मोठ्या बाई, म्हणजे आमच्या शास्त्रज्ञ, महिना महिना नुसता त्या प्रकाशाला आकार देत बसतात. इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलत असतात. वस्ताद म्हणतात, सख्खी भावंडंच ती. वेग आला की ढकलाढकली निवते, पण सुरुवातीला जे बिघडलं ते शेवटपर्यंत निस्तरत बसावं लागतं.

वस्ताद आमचे जुने मेकॅनिक. दहावी न झालेल्या मला तिथे कोणी दारातही उभं केलं नसतं. त्यांनी माझं अक्षर पाहिलं, ऱ्हस्व-दीर्घ पाहिले आणि रजिस्टर माझ्या हाती दिलं. चकती बसवायचा परवाना त्यांचा आहे, पण त्यांचा हात आता थरथरतो. म्हणून बसवतो मी आणि ‘बसवणारा’ या रकान्यात नाव त्यांचं लिहितो. शेजारचा रकाना ‘हातमोजे घातले’. तिथे लिहितो ‘होय’. त्या दिवशीही तेच लिहिलं.

यंत्र सुरू झाल्यावर पडद्यावर झुपका थाळीसारखा एकसारखा दिसायला हवा. या वेळी त्यात तीन तिरक्या काळ्या रेघा आल्या. बाईंनी अकरा दिवस लेझरचा एकेक आरसा उतरवून पाहिला. शेवटी नळी उघडली. वस्तादांनी चकती उजेडात धरली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बाई खोलीत यायच्या आत पॉलिशच्या फडक्याने घासून टाकली. मग बाईंना म्हणाले, बोट माझं लागलं, म्हातारपण, दुसरं काय. मी मध्ये बोलायला गेलो तर मला म्हणाले, गप रे पंतोजी, तुला कोणी विचारलंय? त्यांच्या निवृत्तीला पाच महिने राहिले आहेत.

काल मी साहेबांना लेखी दिलं की चकती मी बसवली आणि तेव्हा माझ्या डाव्या हातात मोजा नव्हता. साहेब हसले. रजिस्टरातल्या त्या ‘होय’वर बोट ठेवून म्हणाले, गुरुभक्ती चांगली आहे, पण हे अक्षर तुझंच ना? माझंच आहे. मग मोजा का काढलास? मी म्हटलं, फोन आला होता. कसला फोन, ते मी तिथे अजून कुणालाच सांगितलेलं नाही. रजेच्या अर्जातही ‘घरगुती काम’ एवढंच लिहिलं होतं.

फोन ठेवल्यावर मोजा घालायचा राहिला, ताई. चकती तिरकी बसत होती म्हणून अंगठ्याने दाबली. मग सोळा बोल्ट क्रमाने आवळले, नोंदी केल्या, सहा वाजता सुटलो आणि त्यानंतर गाडी धरली. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तू माझ्याशी बोलली नाहीस, ते बरोबरच होतं. मला अजून रडू आलेलं नाही. जेवण जातं, झोप लागते.

साहेबांना पुरावा हवा आहे, सोमवारपर्यंत. आत मोबाईल नेऊ देत नाहीत आणि भिंतीवरच्या फोनची नोंद कुठेच राहत नाही. तेव्हा तू एका कागदावर तुझ्या हाताने लिहून पाठव की नऊ तारखेला दोन वाजून दहा मिनिटांनी तू फोन केलास आणि आई गेल्याचं मला सांगितलंस. मी काय उत्तर दिलं तेही लिही. माझी नोकरी जाईल म्हणून त्यात काही सौम्य करू नकोस. मी ‘बरं’ म्हणालो आणि फोन ठेवला. तेवढंच म्हणालो होतो.

तुझाच,
धाकटा