जवसाच्या तेलातली खाट

काटोल नाका, नागपूर
३ नोव्हेंबर २०२५

चि. आनंदास यमुताईचे अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? इंदूबाईची शुगर तपासली का, की संत्र्याची तोड संपू दे म्हणून पुन्हा पुढं ढकलली? विक्रमचा खोकला गेला का? आणि तुझ्या मोतीबिंदूचं काय, पिकून गळून पडायची वाट बघतोस का? तुझी मिनल भाऊबीजेला येऊन गेली, ती बरी आहे ते डोळ्यांनी पाहिलं. तू मात्र यंदाही आला नाहीस. तीन वर्षं झाली गा. संत्री येतात, भाऊ येत नाही.

फोनवर तुझा आवाज ऐकला की मी विरघळते आणि विचारायचं ते राहून जातं. म्हणून लिहिते.

मी तैलरंगांच्या नादी लागले हे मिनलनं सांगितलंच असेल. शिकवायला कोणी नाही, चुकत चुकत शिकते. रंगांच्या खोक्यावर लिहिलं होतं, जवसाचं तेल मिसळा. दुकानदार म्हणाला, बाई, चित्राचं तेल वेगळं येतं. मी मनात म्हटलं, हा मले जवस शिकवतो! इतवारीच्या बाजारातून घाण्याचं तेल आणलं, आपण चटणीवर घेतो तेच. आता दोन महिने झाले, चित्र वाळायचं नाव घेत नाही. दोन मच्छर त्यात कायमचे मुक्कामाला आले. शेजारच्या कुसुमताई म्हणतात, तुमच्या चित्रासंगं भाकर खावीशी वाटते.

पण चित्र हसण्यासारखं नाही. धंतोलीच्या दवाखान्यातली मायची खाट आहे, रिकामी. दारात मी, हातात डबा. एकोणीस दिवस डबा नेला, विसाव्या दिवशी पाहते तर खाटेवर नवी चादर. फोन केला तर तू म्हणालास, मायला तपासणीसाठी दुसरीकडं नेलं आहे, ताई तू घरीच थांब, मी कळवतो. दोन दिवस फोन मांडीवर घेऊन बसले. कळवलंस ते काटोलहून, माय गेली म्हणून. मागून म्हणालास, रस्त्यात तिनंच घरचा हट्ट धरला, मग शुद्ध हरपली, कोणाचं नाव घेतलं नाही.

मी मानलं. पण सल राहिला. एकोणीस दिवस पाय चेपले आणि जाताना मायला माझी आठवणसुद्धा होऊ नये? चित्रात मला माझं तोंड काढताच येत नाही. काढते, चिंधीनं पुसते, पुन्हा काढते. शेवटी डबेवालीला तोंडच ठेवलं नाही.

एवढंच कळव. माझी हिरव्या काठाची शाल निघताना मायच्या अंगावर होती का? नसेल, तर ती मला खाटेवर काढायची आहे.

माझी तब्येत ठीक. सगळ्यांना जवळ घेतलं असं समज.

तुझी यमुताई


काटोल
११ नोव्हेंबर २०२५

ती. यमुताईस आनंदरावचा शिरसाष्टांग नमस्कार.

डोळ्यानं दिसत नाही म्हणून मिनल लिहून राहिली, मी सांगून राहिलो. गुडघा आहे तसाच आहे, बसलो की उठवत नाही, उठलो की बसवत नाही. इंदूची शुगर उतरली, जीभ तेवढी चढली. विक्रम बरा आहे. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड चालू आहे, व्यापारी दारात बसून राहतात, म्हणून येणं झालं नाही. राग धरू नको.

तुझ्या चित्राचा फोटो मोबाइल डोळ्याले लावून पाहिला. हात चांगला बसला तुझा, पण रिकामी खाट काहून काढली वं? १२ डिसेंबरले मायची तिसरी पुण्यतिथी आहे. सारे सोयरे येतीन. ते चित्र मले बैठकीत लावायचं आहे. फक्त खाटेवर मायले बसव, हसत. नाहीतर लोक इचारतीन, खाट रिकामी कशी, मी त्यायले काय सांगू?

शालीचं ध्यानात नाही. दवाखान्यातच राहिली असंन. माय सुखानं गेली, कोणाचं नाव घेतलं नाही. खपली काढली की रगतच येते ताई. आता सोड.

लेकरावरची माया कमी करू नको.

तुझा आनंदा


काटोल
१२ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास मिनलचा नमस्कार.

काल बाबांनी सांगितलं ते मी लिहिलं. शालीच्या ओळीशी थांबले, तर बाबा म्हणाले, लिही. मी लिहिलं. रात्रभर ते वाक्य माझ्याच अक्षरात डोळ्यांपुढं होतं, म्हणून हे पत्र.

शाल आजीच्या अंगावरच होती. गाडीत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि ती पूर्ण शुद्धीवर होती. काटोल नाका आला तशी म्हणाली, यमीच्या गल्लीशी थांबवा, तिलेही घ्या. बाबांनी ड्रायव्हरला चल म्हटलं. आजीला म्हणाले, ताई मागून बसनं येऊन राहिली. घरी फाटक वाजलं की आजी विचारायची, यमी आली का. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा वैतागून म्हणाले, ताई रागावली, येत नाही म्हणते. आजीनं शाल तोंडावर ओढून घेतली. मग ती बोललीच नाही.

तू आजीला दवाखान्यातून हलवू देणार नाहीस, असं बाबांना वाटत होतं. आणि मुलगा असून माय दवाखान्यात मेली, असं लोक म्हणतील ही धास्ती. एक खोटं बोलले, मग ते झाकायला दुसरं. भाऊबीजेला ते का येत नाहीत, हे आता तुला कळेल. त्यांना तुझी गल्लीच ओलांडवत नाही.

मी तेव्हा एकोणीसची होते. घाबरून गप्प बसले, आणि मग गप्प बसायची सवय झाली. तुझ्या घरी येऊन जेवत राहिले, तेही गप्पच. मलाही दोष दे. बाबांना माझं नाव सांगितलंस तरी चालेल.

तुझी मिनल


काटोल नाका, नागपूर
२० नोव्हेंबर २०२५

चि. आनंदा,

आशीर्वाद लिहायला हात उठला नाही, त्याचं शेवटी पाहू. गुडघ्याला तिळाचं तेल लाव. इंदूबाईला, विक्रमला सांभाळ. मिनलनं मला सगळं लिहिलं आहे. तिला एक शब्द बोललास तर गाठ माझ्याशी आहे.

मी अडवलं असतं, हे खरं आहे. घटकाभर भांडले असते, रडले असते, आणि मग तुझ्याच गाडीत मायचं डोकं मांडीवर घेऊन बसले असते. पाठची बहीण नाही मी, तुला कडेवर घेऊन वाढवणारी आहे. एवढीही ओळखली नाहीस?

दवाखान्यातून चोरून नेलंस, तेही मी गिळलं असतं. पण मायला सांगितलंस की मी रागावले! ती माझ्यावर रुसून गेली आनंदा, आणि मी तीन वर्षं तिच्यावर रुसून बसले. मायलेकींच्या मधे तू भिंत घातलीस आणि वरून दरवर्षी संत्र्याची पेटी पाठवलीस. मी ती गल्लीत वाटली, माझ्या भावाच्या बागेतली म्हणून. आता त्या प्रत्येक फोडीची मला लाज वाटते.

चार दिवस मी चित्राकडं पाहिलं नाही. पाचव्या दिवशी बसले आणि एका बैठकीत तोंड काढलं. माझ्या येडपट तेलाचा एवढा उपकार, की रंग ओला होता आणि त्यात अजून जागा होती. डबेवाली आता सरळ बघते. कोणाकडं, ते समोर उभा राहशील तेव्हा कळेल. खाट रिकामीच ठेवली. शाल काढली नाही. ती मायसोबत गेली, आणि शाल कोणाची ते मायला ठाऊक होतं.

बैठकीत चित्र लावायचं आहे ना? मग ये. गाडी करू नको, बसनं ये. नाक्यावर उतर आणि माझ्या गल्लीत पायी चालत ये. रंग ओला आहे, कागदात गुंडाळलं तर कागद चिकटेल, सामानात ठेवलं तर पुसेल. काटोलपर्यंत दोन्ही हातांवर धरूनच न्यावं लागेल. सदऱ्याला लागेल, आणि लागलेलं निघत नाही, हे मी माझ्या चार लुगड्यांवरून सांगते. पुण्यतिथीला ते लाव. सोयऱ्यांनी रिकाम्या खाटेचं विचारलं, तर तूच सांग. हे जमणार नसेल तर चित्र इथंच माझ्या भिंतीवर राहील, आणि यापुढं संत्री पाठवू नको.

आशीर्वाद टाकून दिलेला नाही, ठेवून घेतला आहे. न्यायला तुलाच यावं लागेल.

उत्तर लवकर लिही. मिनलच्या हातून नको. डोळ्यानं दिसत नाही हे मला माहीत आहे. अक्षरावर अक्षर चढलं, ओळ कागदाबाहेर गेली तरी चालेल. मी लावून वाचीन.

यमुताई